टीटीजीचा आकडा: गहू सोडण्याआधीचा आणि सोडल्यानंतरचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्तीचे वय ३८. दीड वर्ष लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ८.६ च्या वर जात नाही आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ५ आहे. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असून अँटी-टीपीओ हे थायरॉइडविरुद्धचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) वाढलेले आहे. जुलाब नाहीत, वजनही घटलेले नाही. रक्तात टीटीजी-आयजीए, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडे झिजवणाऱ्या सीलिअॅक आजारात वाढणारे प्रतिपिंड, ६४ आले, प्रयोगशाळेची मर्यादा २० होती, म्हणून एका डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितले. गहू बंद करून तीन आठवडे झाले आहेत आणि पोट हलके वाटते. आता दुसरे डॉक्टर एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतडे पाहून त्याचे तुकडे तपासणे, सुचवतात. रक्तातच आजार दिसला असताना एंडोस्कोपी कशाला? वर्षभराने टीटीजी नॉर्मल आले तर आतडे बरे झाले असे समजायचे का? आणि धाकट्या बहिणीची तपासणी करावी का?

उत्तर: तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे वळण्याआधी तातडीची गोष्ट सांगते. एंडोस्कोपी होईपर्यंत गहू पुन्हा खायला सुरुवात करा. ज्याच्यावर संशय आहे तेच खायला सांगणे तुम्हाला विचित्र वाटेल, परंतु सीलिअॅक आजाराच्या निदानाच्या चाचण्या, मग त्या रक्ताच्या असोत की आतड्याच्या तुकड्याच्या, गहू पोटात जात असतानाच विश्वासार्ह असतात. गहू बंद असताना केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर ती आजार नाही म्हणून निगेटिव्ह आली की गहू नाही म्हणून, हे कोणालाही सांगता येत नाही. प्रौढ रुग्णांमध्ये निदानाचा सर्वांत मोठा घोळ इथेच होतो आणि तो बहुधा चांगल्या हेतूने होतो: आकडा वाढलेला दिसतो, गहू लगेच थांबवला जातो, सहा महिन्यांनी कोणीतरी पक्के निदान विचारते आणि तोपर्यंत पुरावा विरून गेलेला असतो.

असे का होते हे समजण्यासाठी ही प्रतिपिंडे तयार कशी होतात ते पाहावे लागेल. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाचे काही तुकडे पचनरसांना दाद देत नाहीत आणि तसेच आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच टीटीजी, नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते या तुकड्यांच्या रासायनिक रचनेत थोडा बदल करते आणि बदललेले तुकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके असलेल्या माणसांच्या प्रतिकारपेशींवर घट्ट बसतात. त्यामुळे टी पेशी जाग्या होतात, अन्न शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, ज्यांना आम्ही व्हिलाय म्हणतो, ते झिजू लागतात, आणि त्याच प्रक्रियेत शरीर स्वतःच्याच टीटीजी विकराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. ही प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना ग्लूटेनने जागवलेल्या टी पेशींची मदत लागते, असे आज मानले जाते. ग्लूटेन थांबले की ती मदत थांबते आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत प्रतिपिंडे ओसरू लागतात. तुमचे अँटी-टीपीओसुद्धा स्वतःच्याच विकराविरुद्धचे प्रतिपिंड आहे, पण ते कोणत्याही पथ्याने असे उतरत नाही. टीटीजीचे वैशिष्ट्य हे की तो आकडा तुमच्या ताटाशी बांधलेला आहे. शरीर सध्या ग्लूटेनला किती प्रतिसाद देत आहे, एवढेच तो सांगतो. आतड्याची स्थिती काय आहे हे तो थेट सांगत नाही, आणि तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच फरकात आहेत.

या आजारातल्या प्रतिपिंडांचे लक्ष्य हेच विकर आहे, ही ओळख १९९७ साली जर्मनीतील डीटरिश, शुप्पान आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून पटली. त्याआधी दशकभर ईएमए, म्हणजे अँटी-एंडोमायसियल प्रतिपिंडाची चाचणी वापरात होती. त्यात माकडाच्या अन्ननलिकेच्या किंवा मानवी नाळेच्या पातळ कापावर रुग्णाचे रक्तद्रव टाकून सूक्ष्मदर्शकाखाली चमक पाहतात. १९९७ नंतर लक्षात आले की ईएमए ज्याला चिकटते तेही टीटीजीच. त्यामुळे टीटीजी आणि ईएमए हे दोन स्वतंत्र साक्षीदार नाहीत. एकाच प्रतिपिंडाला दोन पद्धतींनी पाहिले जाते. तरीही ईएमएला मोल आहे, कारण टीटीजीच्या किटमध्ये इतर कारणांनी मिळणारे किरकोळ वाढीव आकडे ईएमएमध्ये सहसा गळून पडतात आणि ती चाचणी पॉझिटिव्ह असेल तर आजार असण्याची शक्यता फारच मोठी असते. मात्र ती पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते, महाग असते आणि प्रत्येक शहरात चांगली होत नाही. म्हणून पहिली चाचणी टीटीजी-आयजीए हीच योग्य, आणि तुमच्या डॉक्टरांनी ती केली हे बरोबरच झाले.

आता तुमचा ६४ हा आकडा. टीटीजीचे एकक सगळीकडे सारखे नसते. एका किटची मर्यादा ४ असते, दुसऱ्याची १०, तिसऱ्याची २०, आणि एका प्रयोगशाळेतला ६४ हा दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या ६४ शी ताडून पाहता येत नाही. पाहायचे असते ते मर्यादेच्या किती पट हा आकडा आहे. तुमचा तो तिपटीहून थोडा जास्त आहे. मर्यादेच्या जरासे वर गेलेले आकडे, म्हणजे एक ते दोन पट, टाइप १ मधुमेह, यकृताचे काही आजार, हृदय निकामी होणे किंवा नुकताच झालेला संसर्ग अशा परिस्थितींतही मिळतात. सुरुवातीच्या किटमध्ये गिनीपिगच्या यकृतातले विकर वापरत, त्यामुळे यकृताच्या रुग्णांत खोटे पॉझिटिव्ह अधिक येत. हल्लीच्या किटमध्ये मानवी विकर असते आणि तो प्रकार कमी झाला आहे. तिप्पट आकडा म्हणजे निव्वळ गोंगाट नव्हे, पण तो निकालही नव्हे.

हे आकडेमोडीने सांगते, कारण रुग्णच नव्हे, अनेक डॉक्टरही इथे गफलत करतात. या चाचणीची संवेदनशीलता ९३ टक्के आणि विशिष्टता ९७ टक्के आहे असे धरू, म्हणजे आजार असलेल्या शंभरांपैकी ९३ जणांना ती ओळखते आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी तिघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या लोकांत सीलिअॅक सापडण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबाने ३ टक्क्यांच्या आसपास येते. अशा एक हजार रुग्णांची चाचणी केली तर ३० जणांना आजार असेल आणि त्यांपैकी २८ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९७० पैकी २९ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आजार नाही. चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ज्या गटात आजार विरळ असतो तिथे चांगल्या चाचणीचाही एकटीचा शब्द अपुरा पडतो, एवढाच याचा अर्थ. तुमचा आकडा तिप्पट आहे आणि स्वप्रतिकारशक्तीचा थायरॉइड विकार सोबत आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत शक्यता निम्म्याहून बरीच वर आहे असे माझे मत आहे. पण आयुष्यभर गहू सोडण्यासाठी मला ‘बरीच शक्यता’ पुरेशी वाटत नाही.

आपल्या भागात हा मुद्दा आणखी जपून घ्यावा लागतो. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ही प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघ्या ०.१० टक्के लोकांत आढळली. विशेष म्हणजे डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुके तिन्ही ठिकाणी साधारण तिघांपैकी एकाकडे होती, पण रोजचे गव्हाचे सेवन उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम होते. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. ज्वारी, बाजरी आणि भात खाणाऱ्या आपल्या मुलखात दोन पिढ्यांत पोळी रोजची झाली, त्यामुळे आपण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असू, असा माझा कयास आहे. ‘हा पंजाबी लोकांचा आजार’ हे वाक्य अजूनही ऐकू येते. ते आता सोडून द्यावे.

तुमच्या अहवालात टोटल आयजीएचा, म्हणजे रक्तातल्या आयजीए प्रकारच्या एकूण प्रतिपिंडांचा, उल्लेख नाही. तुमचे टीटीजी-आयजीए वाढलेले आहे म्हणजे शरीरात आयजीए तयार होत आहे, म्हणून तुमच्यापुरती ही उणीव मोठी नाही. पण ज्यांचे टीटीजी निगेटिव्ह येते आणि लक्षणे मात्र आजाराकडे बोट दाखवतात, त्यांच्यात ती निर्णायक ठरते. काही लोकांच्या शरीरात आयजीए प्रकारची प्रतिपिंडे मुळातच जवळजवळ तयार होत नाहीत, आणि सीलिअॅकच्या रुग्णांत अशांचे प्रमाण २ ते ३ टक्के, म्हणजे सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी अधिक असते. अशा माणसाचे टीटीजी-आयजीए आणि ईएमए दोन्ही निगेटिव्ह येणारच. त्यांच्यासाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे मोजणाऱ्या टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी या चाचण्या आहेत. आयजीए व्यवस्थित असलेल्या माणसात मात्र या आयजीजी चाचण्यांनी फारसे हाती लागत नाही, उलट गोंधळ वाढतो. पाच-सहा प्रतिपिंडांचे ‘सीलिअॅक पॅकेज’ घेतले की त्यातले एखादे किंचित वाढलेले निघतेच, आणि मग त्या एकाच्या मागे धावाधाव सुरू होते. जुनी अँटी-ग्लायडिन चाचणी तर निदानासाठी कधीच मागे पडली आहे. शे-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ आयजीजी चाचणी या आजाराबद्दल काहीही सांगत नाही. ते पैसे वाचवावेत.

जनुकांच्या चाचणीबद्दल एवढेच की डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सीलिअॅक जवळपास बाद होतो, पण असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती तिसऱ्या-चौथ्या माणसाकडे असतातच. गहू सोडून वर्षे झाली आहेत आणि पुन्हा खाण्याची तयारी नाही, अशा रुग्णात ही चाचणी फार उपयोगी पडते. तुम्हाला आज तिची गरज नाही.

आता एंडोस्कोपी कशाला, याकडे येते. लहान मुलांच्या बाबतीत युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये, आणि सुधारित रूपात २०२० मध्ये, असा मार्ग मान्य केला की टीटीजी-आयजीए मर्यादेच्या दहा पट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमएही पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीविना, म्हणजे आतड्याचा तुकडा न तपासता, निदान करता येते. करोनाच्या काळात ब्रिटनमध्ये हीच सवलत ५५ वर्षांखालील काही प्रौढांनाही देण्यात आली, आणि अमेरिकन तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शनात, बायोप्सी करून घ्यायला तयार नसलेल्या प्रौढांसाठी ती शक्यता नमूद आहे. परंतु या सगळ्यांचा उंबरठा दहा पट हा आहे. तुमचा आकडा तिप्पट आहे, त्यामुळे तो मार्ग तुम्हाला लागूच होत नाही.

शिवाय प्रौढांत एंडोस्कोपी इतर काही प्रश्नांचीही उत्तरे देते. लोहाच्या कमतरतेचे दुसरे कारण, जसे जठरातील व्रण किंवा हेलिकोबॅक्टर या जंतूमुळे होणारा दाह, त्याच वेळी दिसते. व्हिलाय झिजण्याची इतर कारणेही आपल्याकडे कमी नाहीत: ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डिया हा परजीवी, क्षयरोग, क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार आणि ओल्मेसार्टन ही रक्तदाबाची गोळी. शेवटच्या कारणाचा संबंध २०१२ साली प्रथम ठळकपणे मांडला गेला आणि आजही तो विचारायचा राहून जातो. मात्र या कारणांत टीटीजी सहसा निगेटिव्ह असते, म्हणून रक्त आणि तुकडा एकत्र वाचले तरच चित्र उमटते. तपासणी करणाऱ्यांना आधीच सांगा की सीलिअॅकचा संशय आहे. ड्युओडिनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या टप्प्याच्या, दुसऱ्या भागातून किमान चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घ्यावे लागतात, कारण झीज सलग नसते, ठिगळांसारखी असते. एक-दोन तुकड्यांवर दिलेला ‘नॉर्मल’ हा निर्वाळा मी ग्राह्य धरत नाही. अहवालात मार्श ३अ, ३ब किंवा ३क (मार्श ही आतड्याच्या बिघाडाची श्रेणी, ३ म्हणजे व्हिलाय झिजलेले) लिहिलेले असेल आणि टीटीजी वाढलेले असेल, तर निदान पक्के समजावे. नुसते मार्श १, म्हणजे व्हिलाय शाबूत पण लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, हे हेलिकोबॅक्टर, वेदनाशामक गोळ्या आणि संसर्ग यांतही दिसते, आणि तेवढ्यावर निदान करू नये.

तीन आठवडे गहू बंद होता याने फार बिघडलेले नाही. प्रौढांचे आतडे महिन्याच्या आत क्वचितच सावरते. रोज दोन पोळ्या खा. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असते. अभ्यासांत रोज ३ ग्रॅम ग्लूटेन दोन आठवडे दिल्यावरही बहुतेक रुग्णांच्या आतड्यात बदल दिसले होते. सहन होत असेल तर सहा ते आठ आठवडे खाणे अधिक खात्रीचे. त्यानंतर एंडोस्कोपीच्या वेळीच टीटीजी-आयजीए पुन्हा, सोबत ईएमए आणि टोटल आयजीए करून घ्या. दरम्यान रक्तक्षयाचे उपचार थांबवायचे नाहीत. गोळ्यांचे लोह ज्या भागात शोषले जाते तोच भाग या आजारात सर्वांत आधी बिघडतो, म्हणून जुलाब नसतानाही रक्तक्षय हेच अनेक प्रौढांतले पहिले आणि पुष्कळदा एकमेव लक्षण असते. शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि पोट हलके वाटले ही गोष्ट निदानाच्या बाजूने मोजू नका. गव्हातील फ्रुक्टान या कर्बोदकाने गॅस होणाऱ्या असंख्य लोकांना गहू सोडल्यावर असेच वाटते आणि त्यांना सीलिअॅक नसतो.

तुमचा दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निदान पक्के झाल्यावर आणि पथ्य सुरू झाल्यावर टीटीजी सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी पाहतात, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच किटवर. आकडा पहिल्या काही महिन्यांत भराभर उतरतो आणि नॉर्मल व्हायला सहा महिने ते दोन वर्षे लागू शकतात. सुरुवातीचा आकडा जितका मोठा, तितका वेळ जास्त. तो उतरत नसेल किंवा उतरून पुन्हा चढला, तर ग्लूटेन कुठून तरी पोटात जात आहे असे धरून शोध घ्यावा, आणि या कामासाठी ही चाचणी चांगली आहे. पण तो नॉर्मल झाला म्हणजे व्हिलाय पुन्हा उभे राहिले, हा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पथ्यावर असलेल्या ज्या रुग्णांचे व्हिलाय बायोप्सीत अजून झिजलेले दिसले, त्यांच्यापैकी साधारण निम्म्यांचेच टीटीजी वाढलेले असते असे एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१० सालच्या अभ्यासात प्रौढांचे आतडे दोन वर्षांत ३४ टक्के जणांत आणि पाच वर्षांत ६६ टक्के जणांत सावरलेले होते. रक्तातला आकडा यापेक्षा पुष्कळ लवकर नॉर्मल होतो. म्हणजे तोच आकडा निदानाच्या वेळी बोलका असतो आणि पाठपुराव्यात अर्धवट मुका होतो. म्हणून वर्षभराने तुमचे टीटीजी नॉर्मल आले, पण फेरिटिन गोळ्यांशिवाय टिकत नसेल, तर मी फेरिटिनवर विश्वास ठेवेन. पथ्य सुरू झाल्यावर दोन वर्षांनी पुन्हा बायोप्सी करावी का, हे रुग्णाशी बोलून ठरवावे अशी सध्याची पद्धत आहे. लक्षणे किंवा रक्तक्षय टिकून असेल तर ती करावीच.

थोडे थोडे ग्लूटेन जात राहिले तर आकडा वाढेलच असेही नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने घेतल्यावर आतड्यात बदल झाल्याचे २००७ च्या एका इटालियन अभ्यासात दिसले होते. ५० मिलिग्रॅम म्हणजे गव्हाचे जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम पीठ. तेवढे पीठ आपल्या घरात कुठून येते ते पाहा. गिरणीत गव्हाच्या मागोमाग दळलेल्या ज्वारीत ते येते, म्हणून शक्य असेल तर घरघंटी वेगळी ठेवावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुतेक घरांत गहू असतो. डबीतला हिंग पिठात मिसळलेला असतो आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असते. उपासाचे पदार्थ त्या मानाने सोपे: वरई, राजगिरा आणि शिंगाडा यांत ग्लूटेन नाही. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचे असेल तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

राहिला बहिणीचा प्रश्न. तुमचे निदान पक्के झाले तर आईवडील, सख्खी भावंडे आणि मुले या सगळ्यांची टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए ही तपासणी करावी, तक्रार नसली तरी, कारण त्यांच्यात आजाराचे प्रमाण शंभरात सात-आठच्या घरात असते. हे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा खूप जास्त असल्याने त्यांच्यातला पॉझिटिव्ह अहवाल अधिक भरवशाचा ठरतो. आज निगेटिव्ह आले तरी आजार पुढे कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो, म्हणून लक्षणे दिसली तर, आणि एरवीही काही वर्षांनी, चाचणी पुन्हा करावी. तुमच्या सोबतीने बहिणीनेही गहू सोडला असेल, तर तिला आधी तो सुरू करायला सांगा आणि मगच रक्त द्यायला पाठवा.